ब्राउझरमधली जावा : अपेक्षा, अडचणी आणि निवृत्ती

‘रिच इंटरनेट ॲप्लिकेशन’ ही संज्ञा मॅक्रोमीडिया कंपनीने मार्च २००२मध्ये प्रचारात आणली. त्या वेळच्या वेबपानावर कोणतेही बटण दाबले, की विनंती दूरच्या सर्व्हरकडे जायची, उत्तर यायचे आणि सबंध पान पुन्हा नव्याने उमटायचे. संगणकावर बसवलेला प्रोग्रॅम त्या मानाने चपळ असे. पण तो प्रत्येक यंत्रावर वेगळा बसवावा लागे आणि नवी आवृत्ती आली की पुन्हा तीच यातायात. वेबचा सर्वदूर पोहोचण्याचा गुण आणि प्रोग्रॅमची चपळाई या दोन्ही गोष्टी एकत्र आणायच्या, ही या संज्ञेमागची कल्पना. त्यासाठी पुढच्या पाच-सहा वर्षांत तीन मोठे दावेदार उभे राहिले : मॅक्रोमीडियाचे आणि नंतर ॲडोबीचे, फ्लॅश प्लेअरवर चालणारे फ्लेक्स, मायक्रोसॉफ्टचे सिल्व्हरलाइट आणि सन मायक्रोसिस्टिम्सची जावाएफएक्स स्क्रिप्ट.

या स्पर्धेचा इतिहास सहसा कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांच्या अंगाने सांगितला जातो. पण एखादी संगणकभाषा रुजते की नाही, हे शेवटी ती वापरणाऱ्या माणसाच्या टेबलावर ठरते. कल्याणच्या पुढे कर्जत मार्गावरच्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांत ब्राउझरमधली जावा टेबलापर्यंत पोहोचली ती सरकारी ई-निविदांच्या वाटेने. तिथे तिची खरी गरज होती, आणि तिच्या उणिवांची किंमतही तिथेच मोजावी लागली.

ॲप्लेटचा काळ

सन मायक्रोसिस्टिम्सने जावा भाषा २३ मे १९९५ रोजी जाहीर केली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. जावाचे आश्वासन सोपे आणि मोहक होते : प्रोग्रॅम एकदा लिहा, तो कोणत्याही यंत्रावर चालेल. वेबपानात बसवलेल्या छोट्या जावा प्रोग्रॅमला ॲप्लेट म्हणत. नेटस्केप ब्राउझरने ॲप्लेट चालवायला सुरुवात केली, तेव्हा वेबपानाच्या चौकटीत खराखुरा प्रोग्रॅम चालू लागला.

अडचणीही लगेच दिसू लागल्या. ॲप्लेट सुरू व्हायला वेळ लागे, मेमरी बरीच खाई आणि त्या वेळच्या यंत्रांत मेमरी मुळात तुटपुंजी असे. शिवाय जावा चालवणारे इंजिन नेमके कोणाचे, यावरून सन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात १९९७मध्ये न्यायालयीन वाद सुरू झाला. तो जानेवारी २००१मध्ये मिटला, पण त्याच वर्षी बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीत जावाचे इंजिन आधीपासून बसवलेले नव्हते. ज्याला जावा हवी त्याने ती स्वतः उतरवून घ्यायची, अशी स्थिती झाली.

मराठी वाचकाच्या दृष्टीने एक गोष्ट मात्र चांगली घडली. २००२च्या जावा १.४ आवृत्तीत देवनागरीला आधार मिळाला. देवनागरी नीट दिसायची तर केवळ अक्षरांचे ठसे असून भागत नाही. ‘कि’ लिहिताना संगणकाच्या स्मृतीत आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठवलेली असते, पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ‘क्ष’मध्ये क, हलन्त आणि ष या तीन संकेतांचा मिळून एकच आकार होतो. ही जुळणी करणारी यंत्रणा प्रत्येक मंचाला वेगळी उभारावी लागते. विंडोज एक्सपीतही ती आपोआप चालू होत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जटिल लिप्यांसाठीचा पर्याय निवडावा लागे आणि त्यासाठी बहुधा विंडोजची सीडी हाताशी लागे. फ्लॅशला ही समज ऑक्टोबर २००८च्या दहाव्या आवृत्तीपर्यंत नीट आली नव्हती.

नवी भाषा, नवे आश्वासन

२००५मध्ये सनने सीबियाँड ही कंपनी विकत घेतली. तिथला अभियंता ख्रिस ऑलिव्हर एफ-थ्री नावाच्या भाषेवर काम करत होता. तीच भाषा मे २००७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जावावन परिषदेत जावाएफएक्स स्क्रिप्ट या नावाने जाहीर झाली. पहिली पूर्ण आवृत्ती ४ डिसेंबर २००८ रोजी बाहेर पडली.

या भाषेचे बलस्थान समजून घेण्यासाठी नगरपरिषदेच्या निविदेतला दरतक्ता डोळ्यांसमोर आणावा. त्यात प्रत्येक बाबीपुढे परिमाण, एकक, दर आणि रक्कम असे रकाने असतात. परिमाण किंवा दर बदलला की त्या ओळीची रक्कम बदलली पाहिजे आणि खालची एकूण बेरीजही. जुन्या जावात यासाठी प्रत्येक रकान्यावर पाळत ठेवणारा कोड लिहावा लागे : हा रकाना बदलला का, बदलला असेल तर रक्कम पुन्हा काढ, ती पडद्यावर दाखव, मग बेरीज कर. यातली एखादी पायरी सुटली तर पडद्यावर चुकीची बेरीज तशीच उभी राहायची. जावाएफएक्स स्क्रिप्टमध्ये ‘बाइंड’ हा एक शब्द पुरेसा असे. रक्कम ही परिमाण आणि दर यांच्या गुणाकाराशी बांधलेली आहे, एवढे एकदा सांगितले की पुढची सगळी काळजी भाषा घेई.

पडद्याची रचनाही याच पद्धतीने लिहिता येई. चौकट कशी काढायची याच्या पायऱ्या देण्याऐवजी चौकटीत काय काय आहे याचे वर्णन करायचे. हालचाल दाखवण्यासाठी सेकंद आणि मिलिसेकंद ही एककेच भाषेत होती. तयार झालेला प्रोग्रॅम जावाच्याच इंजिनावर चालत असल्याने जावातली आधीची सगळी ग्रंथालये हाताशी राहत. ऑक्टोबर २००८च्या जावा ६ अपडेट १०मध्ये तर चालू ॲप्लेट ब्राउझरमधून ओढून डेस्कटॉपवर ठेवण्याचीही सोय होती. फेब्रुवारी २०१०मधल्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकच्या संकेतस्थळावर पदकांची माहिती जगाच्या नकाशावर दाखवणारा भाग याच तंत्राने बनवला होता. वेबपानातून मोबाइलवर आणि तिथून टीव्हीवर, एकाच भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम सगळीकडे चालेल, असे सन सांगत होती.

आज ज्या पद्धतीने वेबचे पडदे लिहिले जातात, तिच्याशी या भाषेची विचारपद्धती बरीच मिळतीजुळती होती. रचनेचे वर्णन करणे आणि माहितीला पडद्याशी बांधणे ही दोन्ही तत्त्वे पुढे जावास्क्रिप्टच्या चौकटींत सर्वमान्य झाली. त्यामुळे जावाएफएक्स स्क्रिप्टचे अपयश कल्पनेच्या दुबळेपणात शोधून सापडत नाही.

भाषा का रुजली नाही

पहिले कारण वजनाचे. त्या वेळचे जावा इंजिन उतरवायचे तर सुमारे १५ एमबी लागत; फ्लॅश प्लेअर दोन एमबीच्या आसपास होता. भारताच्या २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. तो वेग पूर्ण मिळाला तरी जावा उतरायला आठ मिनिटे लागत. डायलअपवर, प्रत्यक्षात मिळणाऱ्या चाळीसेक केबीपीएसच्या वेगाने, हेच काम पाऊण तासाच्या पुढे जाई. त्यात महावितरणच्या भारनियमनाची वेळ आली आणि जोडणी तुटली तर पुन्हा आरंभापासून. मुंबईच्या उपनगरांपलीकडच्या या पट्ट्यात त्या वर्षांत भारनियमन रोजचे होते. सायबर कॅफेचा चालक तासावर पैसे घेत असे, आणि असा चालक गिऱ्हाइकासाठी नवे इंजिन उतरवत बसण्यापेक्षा आधीच चालणाऱ्या फ्लॅशवर समाधान मानी. ही अडचण ओळखून सनने सुरुवातीला थोडाच भाग उतरवण्याची सोय केली, पण तोवर बाजार फ्लॅशने व्यापला होता. २००५मध्ये सुरू झालेल्या यूट्यूबची चित्रफीत फ्लॅशवर चाले, त्यामुळे ते इंजिन जवळपास प्रत्येक यंत्रावर आपसूकच पोहोचले.

दुसरे कारण अस्थिरतेचे. जून २००९च्या जावाएफएक्स १.२ आवृत्तीत बटणे, याद्या यांसारखे तयार घटक आले, लिनक्ससाठीही आवृत्ती आली. पण आधीच्या आवृत्तीवर बनवलेले प्रोग्रॅम तिच्यावर तसेच चालेनात, ते पुन्हा बांधून घ्यावे लागले. फेब्रुवारी २००९मध्ये मोबाइलसाठीची आवृत्ती जाहीर झाली, पण ती चालवणारे फोन ग्राहकांच्या हाती फारसे आलेच नाहीत. याउलट, मुंबईच्या लोकलप्रवाशांसाठी सचिन टेके यांनी बनवलेले एम-इंडिकेटर साध्या फोनवरच्या जुन्या मोबाइल जावावरही चालत असे. प्रवाशाच्या हातात असलेल्या यंत्रावर चालणारे तंत्र निवडल्याने ते वेळापत्रक बदलापूरच्या प्रवाशापर्यंत पोहोचले.

तिसरे कारण माणसांचे. नवी भाषा रुजायची तर ती शिकवणारे शिक्षक, पुस्तके आणि त्या भाषेवर नोकऱ्या लागतात. या शहरांतल्या महाविद्यालयांत मुंबई विद्यापीठाच्या माहिती-तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांतून जावा शिकवली जाई. विद्यापीठाचा अभ्यासक्रम काही वर्षांनी एकदा बदलतो. पहिल्या पूर्ण आवृत्तीनंतर पुरती तीन वर्षेही न टिकलेल्या भाषेला त्यात जागा मिळणे कठीणच होते. नोकरीसाठी सर्व्हरवरची जावा किंवा डॉटनेट शिकणे विद्यार्थ्याला अधिक भरवशाचे वाटे, आणि त्यात त्याचे काही चुकत नव्हते.

शेवटचा घाव मालकी बदलल्याने बसला. ओरॅकलने सनची खरेदी २७ जानेवारी २०१० रोजी पूर्ण केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने जावाएफएक्स स्क्रिप्ट बंद करत असल्याचे सांगितले. यापुढे जावाएफएक्स हे साध्या जावातून वापरायचे ग्रंथालय असेल, असे ठरले. ऑक्टोबर २०११मध्ये जावाएफएक्स २.० आले. मूळ भाषा व्हिसाज या नावाने जिवंत ठेवण्याचा प्रयत्न स्टीफन चिन आणि काही स्वयंसेवकांनी केला, पण उद्योगाचा पाठिंबा नसल्याने तो फार पुढे गेला नाही. देवनागरीच्या दृष्टीने तर हे पाऊल मागेच पडले. २.०साठी मजकूर रेखाटणारी यंत्रणा नव्याने लिहिली होती आणि तिला जटिल लिप्यांची जाण नव्हती. थाई, देवनागरी अशा लिप्यांचा आधार मार्च २०१४मध्ये जावाएफएक्स ८बरोबर आला. जुन्या जावाला २००२मध्ये येत असलेली गोष्ट नव्या जावाला बारा वर्षांनी आली.

निविदांच्या टेबलावर

जावाएफएक्स स्क्रिप्ट लोकांपर्यंत पोहोचली नाही, पण तिच्या आधीचा ॲप्लेट या शहरांत भलत्याच वाटेने घरोघरी नसला तरी दुकानोदुकानी गेला. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांहून थोडी अधिक, अंबरनाथची अडीच लाख आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन वसले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कापड, फर्निचर आणि लहान कारखानदारी यांवर ते शहर वाढले. अंबरनाथ औद्योगिक वसाहतीचे, बदलापूर वेगाने वाढणाऱ्या गृहसंकुलांचे. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद यांना रस्ते, गटारे, दिवाबत्ती, शाळादुरुस्ती अशी कामे सतत काढावी लागतात आणि ती घेणारा स्थानिक कंत्राटदारांचा मोठा वर्ग इथे आहे.

ही कामे राज्य शासनाच्या धोरणानुसार ई-निविदेवर गेली, तेव्हा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने बनवलेली यंत्रणा महाटेंडर्स या पोर्टलवर वापरात आली. तिचा कणा होता डिजिटल स्वाक्षरी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० या कायद्याने अशा स्वाक्षरीला मान्यता दिली आहे. स्वाक्षरीची गुप्त किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते आणि ती टोकनच्या बाहेर जाता कामा नये. त्या वेळच्या साध्या वेबपानाला यूएसबी टोकनपर्यंत पोहोचता येत नसे. निविदेची कागदपत्रे कंत्राटदाराच्याच संगणकावर स्वाक्षरित करायची, निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या किल्ल्यांनी तिथेच कुलूपबंद करायची आणि मगच सर्व्हरवर पाठवायची, म्हणजे मुदत संपेपर्यंत देकार कोणालाही वाचता येणार नाही. हे काम स्वाक्षरित जावा ॲप्लेट करू शके. बंद लिफाफ्याची जुनी पद्धत ज्यांनी पाहिली होती, त्यांना याचे मोल वेगळे सांगावे लागत नव्हते. निविदापेटीपर्यंत पोहोचू न देणे, लिफाफा आधी उघडून पाहणे, मुदतीनंतर लिफाफा घुसवणे या सगळ्यांना या पद्धतीने मोठा आळा बसला.

या सोयीची दुसरी बाजू प्रत्यक्ष भरणीच्या वेळी समोर येई. टोकन लावायचे, त्याचे ड्रायव्हर बसवायचे, ठरावीक आवृत्तीची जावा बसवायची, ब्राउझरमध्ये प्लग-इनला परवानगी द्यायची, पोर्टलचा पत्ता जावाच्या अपवाद यादीत टाकायचा. तांत्रिक लिफाफ्यासाठी पीडीएफ, आर्थिक लिफाफ्यासाठी पोर्टलवरूनच उतरवलेली एक्सेलमधली दरसूची. तिचे नाव बदलले तरी ती नाकारली जाई. मुदत सर्व्हरच्या घड्याळावर चाले. शेवटच्या तासाला जावाने अपडेट मागितले, तर बयाणा रक्कम भरलेली असूनही देकार अर्धवट राहण्याची भीती असे. गटाराचे काम उत्तम करणाऱ्या माणसाला जावाची आवृत्ती ओळखता यावी, अशी अपेक्षा करणेच चूक होते. म्हणून स्टेशन परिसरातल्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांना ‘टेंडर भरून देण्याचे’ नवे काम मिळाले. कंत्राटदार टोकन आणि त्याचा पिन दुकानदाराच्या हाती देत. गुप्त किल्ली मालकाखेरीज कोणाकडेही जाऊ नये, हा डिजिटल स्वाक्षरीचा मूळ हेतू तंत्राच्या क्लिष्टतेमुळे असा सैल होत गेला. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. वापरायला अवघड सुरक्षा माणसे सोपी करून घेतात आणि तसे करताना ती सुरक्षा उरत नाही.

ब्राउझरने दार लावले

जानेवारी २०१३मध्ये ब्राउझरमधल्या जावाचे गंभीर दोष उघड झाले आणि अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने ती बंद ठेवण्याचा सल्ला दिला. ओरॅकलने नियम कडक केले. जानेवारी २०१४च्या जावा ७ अपडेट ५१पासून योग्य प्रमाणपत्र नसलेले ॲप्लेट डीफॉल्ट मांडणीत अडवले जाऊ लागले. सप्टेंबर २०१५मध्ये क्रोमच्या ४५व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीची प्लग-इन पूर्ण काढून टाकली; मार्च २०१७मध्ये फायरफॉक्सच्या ५२व्या आवृत्तीने फ्लॅशचा अपवाद ठेवून तेच केले. उरला इंटरनेट एक्सप्लोरर. निविदा भरणाऱ्या दुकानांत एक जुना संगणक जुनी जावा आणि इंटरनेट एक्सप्लोररसह जपून ठेवण्याची पद्धत पडली. त्याला अपडेट करायचे नाही, हा अलिखित नियम. म्हणजे लाखो रुपयांच्या देकारांवर स्वाक्षऱ्या करणारे यंत्रच सर्वांत जुने आणि सर्वांत असुरक्षित राहिले. सप्टेंबर २०१८च्या जावा ११मधून ॲप्लेटचे प्लग-इन, जावा वेब स्टार्ट आणि जावाएफएक्स हे तिन्ही वगळले गेले. इंटरनेट एक्सप्लोररचाही आधार १५ जून २०२२ रोजी थांबला.

बाकीच्या दावेदारांचीही हीच गत झाली. स्टीव्ह जॉब्स यांनी एप्रिल २०१०मध्ये आयफोनवर फ्लॅश का नाही याचे खुले पत्र लिहिले. नोव्हेंबर २०११मध्ये ॲडोबीने मोबाइलवरचा फ्लॅश सोडला आणि फ्लेक्स अपाची प्रतिष्ठानकडे सोपवले. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, सिल्व्हरलाइटचा १२ ऑक्टोबर २०२१ रोजी.

जिंकली ती जावास्क्रिप्ट, जी वेगळी बसवावी लागतच नव्हती. २००४मध्ये जीमेल आणि २००५मध्ये गूगल मॅप्सने दाखवून दिले, की पान न बदलता पानाचा भाग बदलता येतो आणि त्यासाठी प्लग-इनची गरज नाही. ऑक्टोबर २०१४मध्ये एचटीएमएल ५ अधिकृत मानक झाले. देवनागरीची जुळणीही ब्राउझर आणि यंत्रणेच्याच अंगावर आल्याने मराठी मजकुरासाठी वेगळी खटपट उरली नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू झाला, तेव्हा त्याच्या पोर्टलने ॲप्लेटऐवजी संगणकावर चालणारा एक छोटा स्वाक्षरी प्रोग्रॅम वापरला. वेबपान त्याच्याशी संवाद साधते आणि तो टोकनशी. ज्यांना कायद्याने डिजिटल स्वाक्षरी सक्तीची नाही, अशा करदात्यांसाठी मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकावर काम भागते. उल्हासनगरच्या लहान व्यापाऱ्याला या बदलाने दिलेला दिलासा मोठा होता.

जावाएफएक्स आज ओपनजेएफएक्स या मुक्त प्रकल्पाच्या रूपात डेस्कटॉपवर वापरले जाते. ब्राउझरशी त्याचा संबंध उरलेला नाही. या सगळ्या प्रवासातून सार्वजनिक यंत्रणा उभारणाऱ्यांनी घ्यायचा धडा स्पष्ट आहे. तंत्राची निवड त्याच्या सामर्थ्यावर करणे पुरेसे नाही. ते कोणाच्या मालकीचे आहे, किती जुन्या यंत्रावर आणि किती मंद जोडणीवर चालते, वापरणाऱ्याची लिपी त्याला येते का, आणि मालकाने हात काढून घेतला तर पुढची वाट कोणती, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. ॲप्लेटवर उभ्या राहिलेल्या ई-निविदेने पारदर्शकतेचे मोठे काम केले यात शंका नाही. पण या प्रश्नांची उत्तरे वेळेवर शोधली न गेल्याने त्या पारदर्शकतेचा बराचसा भार कंत्राटदार, दुकानदार आणि नगरपरिषदांचे लिपिक यांना कित्येक वर्षे उचलावा लागला.